परसात सिमेंटचा हंस बसवू नये

दुकानाच्या भिंतीवर लावलेला तो फोटो खोटा आहे. त्यातला पक्षी आई नसून बाप आहे, आणि तो बापसुद्धा त्या घरट्याचा नाही. हे मी गुरुभावजींना दुकानात सांगितलं, माझ्या घरी सांगितलं, गणपतीच्या आरतीनंतर केशवापुरात त्यांच्या सोफ्यावर बसून प्रसाद हातात घेऊन सांगितलं. दर वेळी ते म्हणाले, "इरली बिडरी, वैनी." असू द्या म्हणे. इतके महिने असू दिलं. आता मृत्युपत्रात लिहिते, कारण मुकुंदराव वकील म्हणतात की बाकीचे कागद लोक नुसते ठेवून देतात, मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत वाचतात.

तर हे लिहिणारी मी, सुलभा कोम उमेश पिसे, वय छप्पन, धंदा घरकाम, राहणार मालमड्डी, धारवाड. शिक्षण मराठी चौथी. वाचता येतं, लिहिता येतं, अंगठा लावायची वेळ कधी आलेली नाही. येत्या शुक्रवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, आणि लगेच घरच्या कुणाची तरी सही हवी म्हणतात. म्हणून शुद्धीवर आहे तोवर, राजीखुशीने, कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकावरून नव्हे, हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

मुकुंदरावांनी मसुदा कानडीत करून आणला होता, छान दीड पानात. त्यात मी कुठेच नव्हते. मी म्हटलं, माझं मी लिहिते. ते म्हणाले, "वैनी, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत." मी विचारलं, मरणार कोण आहे. त्यावर त्यांनी रेघांचे कागद आणून दिले.

कलम १. वारसांबद्दल. माझे पती उमेश जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. त्यांचे धाकटे भाऊ गुरुप्रसाद, म्हणजे गुरुभावजी, त्यांची बायको आणि एकुलती मुलगी दीपश्री, एवढीच आमच्या सासरची माणसं उरली आहेत. मी काही न लिहिता गेले तर सगळं आपोआप गुरुभावजींकडे जातं, असा कायदा आहे. कायद्याने माझं परस पाहिलेलं नाही.

कलम २. सुभाष रोडवरचा पिसे फोटो स्टुडिओ. हा दोघा भावांचा होता, आता गुरुभावजी चालवतात. त्यात मला काही नको. तिथे उजेड नाही.

कलम ३. मालमड्डीचं घर हे उमेश यांनी माझ्या नावावर केलेलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. घरात विशेष काही नाही. मागे परस आहे. त्यात पेरू, डाळिंब, शेवगा, जास्वंदी, कुंपणाला दोडक्याचा वेल, आणि एक दगडी डोणी आहे, जिच्यात पूर्वी म्हशी पाणी प्यायच्या आणि आता बुलबुल आंघोळ करतात. सिटी सर्व्हे नंबर मुकुंदराव जोडतील. घर कुणाला दिलं ते कलम ९ मध्ये आहे. आधी मधलं वाचा, उडी मारू नका.

कलम ४. खोडले. हे शेजारच्या अंबूताईंना कुंड्या देण्याबद्दल होतं. साक्षीदाराला काही देऊ नये, पुढे कोर्टात कटकट होते, असं मुकुंदराव म्हणाले. अंबूताई म्हणाल्या, मग मी साक्षीदार होत नाही. शेवटी कुंड्या त्यांनी कालच उचलून नेल्या. आता त्या निःपक्ष आहेत.

कलम ५. कॅमेरा. हा दुकानाचा नाही. दुकानात नवे कॅमेरे आले तेव्हा हा जुना, त्याच्या लांब भिंगासकट, भंगाराच्या खोक्यात पडला होता. मी तो काढून घेतला आणि हुबळीला नेऊन दुरुस्त केला. भंगारात होता तेव्हा तो कुणाचाच नव्हता. त्यातून हळद्या पक्ष्याचा फोटो चांगला निघाल्यावर तो दुकानाचा झाला. हे चालणार नाही. कॅमेरा, भिंग, तिपाई आणि आजवर काढलेले सगळे पक्ष्यांचे फोटो दीपश्रीचे आहेत. फोटोंचे रंग वाढवू नयेत. बुलबुल तेवढाच काळा असतो.

हे फोटो मी का काढते असं पुष्कळ जणांनी विचारलं. आमचे हे गेल्यावर पहिलं वर्षभर माणसं येऊन बसायची, कसं झालं कसं झालं म्हणायची, चहा पिऊन जायची. पक्षीपण यायचे. त्यांना चहा लागत नव्हता आणि कसं झालं ते कुणी विचारत नव्हतं.

फोटो काढायची रीतही लिहून ठेवते, कारण दीपश्री सोडून ती कुणाला माहीत नाही. परसात पेरूपासून न्हाणीच्या खुंटीपर्यंत तारेवर माझी जुनी हिरवी इरकल वाळत घातलेली दिसते. ती वाळत घातलेली नाही, ती तिथेच असते. मधे भिंगाएवढं भोक आहे, मागे बुटकं स्टूल. तिच्यामागे बसलं की पक्ष्यांना वाटतं बाई गेली, लुगडं राहिलं. पहिल्यांदा ती बांधली तेव्हा दोन दिवस एक पाखरू आलं नाही. मग हळूहळू दयाळ तिच्यावरच बसून गायला लागला. तेव्हा ती साडी धुवायची नाही, बदलायची नाही, आणि तिची कुणी कौदी, म्हणजे गोधडी, शिवायची नाही. अंबूताईंनी दोनदा विचारलं आहे.

कलम ६. तो फोटो. हे कलम मोठं आहे. मुकुंदराव म्हणाले गाळा. गाळलं नाही.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाच्या ग्रुपफोटोत जो आला नाही त्याला आमच्या दुकानात नंतर बसवून देतात. पूर्वी आमचे हे ब्लेडने कापून डिंकाने चिकटवायचे आणि कडेने ब्रश फिरवायचे. आता दीपश्री कॉम्प्युटरवर करते. मामा दुबईला असू दे नाहीतर रुसून कलघटगीला बसलेला असू दे, अल्बमात तो नवरीच्या मागे उभा राहून हसतो. या कामात आमच्या दुकानाचं नाव आहे. किती घरांत भांडणं होती ते त्यांच्या अल्बमांवरून कुणाला कळणार नाही. मला यात कधी वावगं वाटलं नाही. आमची चूल त्यावरच पेटली.

या उन्हाळ्यात दोडक्याच्या वेलाखाली, जुन्या तारेच्या टोकाला शिंजिराने घरटं केलं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, फुलातला रस पिणारा. घरटं मादीच बांधते. कोळिष्टकं, काड्या, वाळकी पानं, कुठून तरी आणलेला चॉकलेटचा चकचकीत कागद. लोंबतं तेव्हा कचरा अडकल्यासारखं दिसतं, तीच त्याची शोभा. वर दोडक्याची रुंद पानं होती. आत दोन पिल्लं होती. मी साडीमागून फोटो काढत होते आणि मादी निवांत ये-जा करत होती.

एका रविवारी गुरुभावजी जेवायला आले आणि त्यांनी ते पाहिलं. हुबळीत फोटोग्राफर मंडळींची स्पर्धा होती. ते स्कूटरवरून दुकानात जाऊन लाइटच्या दोन पांढऱ्या छत्र्या घेऊन आले आणि घरट्यासमोर उभ्या केल्या. मी आमटीला फोडणी द्यायला आत गेले. घरट्यावर पानांची सावली पडत होती. लग्नात नवरीच्या डोळ्यांवर मुंडावळी आली की ते ज्या हाताने हळूच बाजूला करतात, त्याच हाताने त्यांनी माझ्या कात्रीने दोडक्याची पानं कापली. मनात वाईट काही नव्हतं. कापलेली पानं त्यांनी एकावर एक नीट रचून कोपऱ्यात ठेवली होती.

मादी पेरूपर्यंत यायची, ओरडायची, छत्र्या बघून परत जायची. मी म्हटलं, आवरा. ते म्हणाले, येईल, लाइटची सवय होईल. नवरीला होते, हिला झाली नाही. संध्याकाळी ते दोन उघड्या चोचींचा फोटो घेऊन गेले. छत्र्या गेल्या तरी पानं नव्हती. दुसऱ्या दिवशी घरट्यावर सरळ ऊन आलं. मी वर टॉवेल बांधला तर मादी टॉवेललाही भ्याली. तिसऱ्या दिवशी भारद्वाजाला ते लांबूनच दिसलं. भारद्वाजावर माझा राग नाही. त्याचं ते जेवण आहे.

मग महिन्याभराने त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. नाव ठेवलं होतं "आईची माया". मी बघायला दुकानात गेले. भिंतीवर हा एवढा फोटो, खाली सर्टिफिकेट, वर छोटा दिवा. दोन पिल्लं चोची उघडून आहेत आणि त्यांच्यावर आई वाकली आहे. आई पिवळ्या पोटाची, जांभळ्या गळ्याची, डोक्यावर हिरवी चमक. तो नर आहे. माझ्याच फोटोतला, आदल्या वर्षीचा, जास्वंदीवरून उचललेला. मादी मळकट असते, भिंतीवर उठून दिसली नसती. परीक्षकांनाही कळलं नाही. त्यांना माया पुरली.

पक्षी बसवला दीपश्रीने. बापाने सांगितलं आणि दुकानात ते काम तीच करते. पिल्लांचं तिला माहीत नव्हतं. माझ्याकडून कळलं तेव्हा तिने माझ्यापुढची घेवड्याची पाटी आपल्याकडे ओढली आणि शेंगा निवडत बसली. मग म्हणाली, "काकू, पप्पा म्हणाले पक्षी बसव. खरा का नाही आला, ते मी विचारलंच नाही." त्या दिवसापासून तिने दुकानात कुणालाही कुठल्या फोटोत बसवलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की बापाकडे बोट दाखवते. घरात त्यावरून बोलणं बंद आहे, हे मला तिच्या आईने सांगितलं.

गुरुभावजींना विचारलं तर म्हणाले, "मामा लग्नाला नसला तर आपण बसवतोच की, वैनी. इथे आई नव्हती, आई बसवली."

मी म्हटलं, "आई नव्हती, कारण तुम्ही होता."

त्यावर ते इरली बिडरी म्हणाले.

कलम ७. स्वयंपाकघरातला फोटो. यावरून मला बोल लावला जातो म्हणून खुलासा करते. आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला गुरुभावजींनी एक फोटो करून आणला. त्यात मी परसात स्टुलावर बसले आहे आणि शेजारी वेताच्या खुर्चीत आमचे हे आहेत. हे परसात कधी बसले नाहीत. सकाळी दुकानात जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, आयुष्यभर दुसऱ्यांचीच लग्नं. भावजींना त्यांचा बसलेला फोटो कुठल्या तरी लग्नातला मिळाला, त्यामुळे ते परसात फेटा बांधून बसले आहेत. पाय जमिनीपासून जरा वर आहेत. हा फोटो चुलीसमोरच्या भिंतीवर आहे. तो काढायचा नाही. घर कुणाचंही झालं तरी काढायचा नाही.

गुरुभावजींनी तोंडावर विचारलं, "तो चालतो आणि हा चालत नाही?"

मी म्हटलं, "त्याच्यासाठी कुणाचं छप्पर कापलं नाही."

ते चहा अर्धा टाकून गेले. फोटोबद्दल याहून जास्त काही विचारू नये.

कलम ८. हंस. मागच्या आठवड्यात मी रक्त तपासायला गेले होते तेव्हा गुरुभावजी एक माणूस आणि टेप घेऊन आले आणि परस मोजून गेले. आता लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो बागेत काढतात. त्यासाठी दोन सिमेंटचे हंस, त्यांच्या माना जुळून बदाम होतो तसे, एक झोपाळा, आणि खाली फरशी. त्यांचं म्हणणं, शुक्रवारी तुम्ही ऑपरेशनला गेलात की काम काढतो, परत येईपर्यंत तयार, बघून खूश व्हाल, आणि औषधपाण्यालाही हातभार लागेल. हे त्यांनी मनापासून सांगितलं, म्हणून जास्त संताप आला. पेरू आणि दोडका काढावा लागेल, बाकी झाडं राहतील म्हणाले. बाकी म्हणजे शेवगा.

एक हंस आलेला आहे. मागच्या दारी ताडपत्रीखाली ठेवला होता. ताडपत्री वाऱ्याने उडाली. सातभाई त्याच्या डोक्यावर ओळीने बसतात आणि शिटतात. सध्या त्याचा तेवढाच उपयोग आहे.

कलम ९. आता घराबद्दल. माझी इच्छा अशी आहे की घर आणि परस दीपश्रीला मिळावं. तिला साडीमागे बसता येतं. खोकला आला तर ती पदर तोंडात धरते पण हलत नाही. बाकी कुणाला हे जमत नाही, मला स्वतःलाही सुरुवातीला जमलं नाही. पण ती बापाच्या घरात राहते, बापाच्या दुकानात काम करते, आणि कितीही अबोला धरला तरी बाप दारात हंस घेऊन उभा राहिला तर ती त्याला ढकलून देणार नाही. पोरगी तशी नाही आणि तशी व्हावी असंही मला वाटत नाही. म्हणून हे बापाकडूनच वदवून घ्यायला हवं.

तेव्हा असं ठरवते. गुरुप्रसाद पिसे यांनी तो फोटो दुकानाच्या भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवला आणि परसात काही बांधणार नाही, तोडणार नाही, बसवणार नाही असं साक्षीदारांसमोर तोंडाने कबूल केलं, तर घर आणि परस पूर्णपणे दीपश्रीचं. मग तिने विकू नये, पेरू पाडू नये, डोणीत रोज पाणी घालावं. गुरुभावजींनी रविवारी जेवायला यावं, छत्र्या न आणता.

त्यांनी तसं केलं नाही, तर घर आणि परस कलघटगीचा माझा मावसभाऊ मारुती याचं. दीपश्रीला कॅमेरा आणि फोटो तेवढे. मुकुंदराव म्हणाले, मारुती परसात कोंबड्या पाळेल. पाळू दे. निदान त्या खऱ्या असतील.

यात दीपश्रीचा दोष काहीच नाही आणि नुकसान तिचंच होणार आहे, हे मला समजतं. गुरुभावजींनीही समजून घ्यावं. त्यांच्या मुलीचं परस त्यांच्या दुकानातल्या एका खिळ्याला टांगलेलं आहे.

कलम १०. बँकेत जे आहे त्यातून दवाखान्याचं आणि माझं शेवटचं भागवावं. उरलं तर पक्ष्यांना बाजरी.

कलम ११. मी गेल्यावर पेपरात फोटो देऊ नये. हार घालायला माझा एकटीचा फोटो नाही, तो तयार करू नये. आणि दीपश्रीच्या लग्नात मी नसले, तर मला ग्रुपफोटोत बसवू नये. माझी खुर्ची मांडावी आणि रिकामी ठेवावी. ती रिकामी दिसली तर दिसू दे. गुरुभावजींचे हात शिवशिवतील, त्यांनी ते खिशात ठेवावेत.

कलम १२. परसात येणाऱ्या मुकुंदरावांच्या मांजरीच्या गळ्यात घंटा बांधावी. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी मुकुंदरावांनाच नेमते, त्यामुळे हे कलम त्यांनाच अमलात आणायचं आहे. त्यांनी वाचलं आहे. त्यांना ते आवडलेलं नाही.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि अंबूताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. कौदीचं वाक्य काढा म्हणाल्या. काढलेलं नाही.

ठिकाण: मालमड्डी, धारवाड
तारीख: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सही: सुलभा उमेश पिसे

वरील बाईंनी आम्हा दोघांसमोर शुद्धीवर असताना सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. मुकुंदराव देशपांडे, निवृत्त वकील, शेजारी (सही)
२. अंबूताई कुलकर्णी, शेजारी (सही)

सह्यांच्या खाली लिहिलेलं कोर्टात धरत नाहीत, असं मुकुंदराव सांगत आहेत. धरू नका. हे कोर्टासाठी नाही, गुरुभावजींसाठी आहे.

गुरुभावजी, याची झेरॉक्स आज अंबूताईंच्या हाती दुकानात पाठवते. गिऱ्हाईक असलं तरी वाचा. आज सकाळी दोडक्याखाली त्याच तारेला पुन्हा कोळिष्टक लागलं आहे. मळकट मादी आहे, तीच की दुसरी ते मला सांगता येत नाही. चोचीत कापूस घेऊन येते आहे. तुमचा माणूस शुक्रवारी फरशी घेऊन येणार आणि मी शुक्रवारी टेबलावर असणार, म्हणजे तिच्याजवळ कुणी नाही.

गुरुवारी, तेरा तारखेला, दिवे लागायच्या आत या. फोटो उतरवून घेऊन या, खिळासुद्धा. येताना टेम्पो सांगा आणि जाताना हंस घेऊन जा. दीपश्रीला सोबत आणा, तिच्यासमोर बोला. जेवायला आमटी आहे. नुसतं हो किंवा नाही सांगायचं आहे. इरली बिडरी हे उत्तर धरलं जाणार नाही.